आडवी शिवण

पावसाळ्यात ओढ्यावरची मोरी वाहून गेली तेव्हा सगळे म्हणाले, होईल की दुरुस्त. बटाटे काढायची वेळ आली तरी मोरीच्या जागी सिमेंटच्या दोन नळ्या आडव्या पडलेल्या आणि मधे गुडघाभर चिखल. ट्रॅक्टर खाली रानात उतरणं शक्य नव्हतं. म्हणजे यंदा सगळा माल माणसाच्या पाठीवरून, दगडगोट्यांच्या चढणीनं, वर रस्त्याला न्यायचा. शनिवारी व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता. आज रविवार. आणि शनिवारनंतर पाऊस सांगितला होता.

"किती पोती होतील?" सुनेनं विचारलं.

"चाळीसेक."

"आणि पाठी दोन."

"पाठ एकच धर," सासरा म्हणाला. "तू भरायचं. उचलायचं मी."

त्याला सगळे जॅक म्हणत. तरुणपणी एकदा जीपचं टायर बसलं, गाडीत जॅक नव्हता, तेव्हा यानं मडगार्डाखाली पाठ लावून जीप उचलून धरली होती, स्टेपनी बसेपर्यंत. तेव्हापासून नाव पडलं ते पडलं. त्यालाही ते आवडायचं. बायकोला आवडायचं नाही. ती म्हणायची, "जॅकलासुद्धा काम झाल्यावर डिकीत ठेवतात. तुम्हाला कोण ठेवणार?"

ती जाऊन आठ महिने झाले होते. मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. घरात उरली ही दोघं. सून सासऱ्याला मामा म्हणायची, सासूला आत्या. आत्या गेल्यापासून घरातलं बोलणं निम्म्यावर आलं होतं. जॅकला सकाळी उठल्यावर "अहो, पाणी गरम आहे" ऐकायची सवय होती. आता पाणी गरम असायचं, पण कुणी तसं सांगायचं नाही. तो पाण्यात बोट घालून बघायचा.

रविवारी दुपारी सून बटाटे उकरायला खाली रानात गेली आणि जॅक माळ्यावरची पोती काढायला शिडीवर चढला. पोती नीट घड्या घालून, सुतळीनं बांधून ठेवलेली होती. शेवटच्या आजारात बायकोनं ती मागून घेतली होती. खाटेवर उशीला टेकून बसायची, मांडीवर पोतं, हातात दाभण. "पडल्या पडल्या करायचं काय? फाटकी तेवढी सांधते," म्हणाली होती. तो रानात जायचा तेव्हा ती शिवत असायची, परत यायचा तेव्हाही शिवत असायची. पोत्यांकडे त्यानं कधी निरखून बघितलं नव्हतं.

आता अंगणात आणून त्यानं पहिलं पोतं झटकलं आणि तोंडात हात घातला. हात मधेच अडला. त्यानं पोतं उलटं केलं, उजेडात धरलं. पोत्याच्या बरोबर मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत, सुतळीची आडवी शिवण. खालचं अर्धं पोतं बंद. दुसरं घेतलं. तेही तसंच. तिसरं, चौथं. वीसच्या वीस पोती तशीच.

जॅक जमिनीवर बसला.

शेवटी शेवटी तिला नीट दिसत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. ताटातली भाजी ती चाचपून घ्यायची. पण इतकं? फाटकं कुठं, धड कुठं तेही कळेना, म्हणून मधेच शिवत सुटली? उद्या ही पोती चढणीवर चार लोकांसमोर निघणार. शेजारचा रेडिओ बघणार. रेडिओ म्हणजे पलीकडच्या रानाचा मालक. तोंड एकदा सुरू झालं की बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून ते नाव. तो म्हणणार, वहिनींनी काय पोत्यांचे पायजमे शिवले काय? आणि लोक हसणार.

त्यानं कोयता आणला आणि टोकानं टाके उसवायला लागला. टाके घट्ट होते. एकेक उसवून सुतळी ओढताना ती फर्र आवाज करायची. सुतळी फेकायला त्याचा हात धजेना. तिच्या बोटांतून गेलेली सुतळी. त्यानं तिचा गुंडा वळला आणि पैरणीच्या खिशात ठेवला. सून परत यायच्या आत वीस पोती मोकळी झाली होती. एक गोष्ट त्याच्या नजरेत आली होती, पण तिथं तो थांबला नाही. सगळ्या शिवणी एकाच उंचीवर होत्या. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, बरोबर एक हात.

सोमवारी त्यानं पहिलं पोतं काठोकाठ भरून घेतलं. वर तोंड दाभणानं टाचलं. सुनेनं एका बाजूनं हात लावला, त्यानं कमरेत वाकून हिसडा दिला आणि पोतं पाठीवर घेतलं. पन्नास किलो असेल, जास्तच. चढणीवर बाकीचेही निघाले होते. रेडिओ, त्याची बायको, वरच्या वाडीचे दोघे भाऊ. मान खाली, डोळे दगडांवर. प्रत्येकाच्या तोंडातून एकच आवाज, हूं, हूं.

"जॅक, पोतं आहे की म्हैस?" मागून रेडिओ.

"म्हैस असती तर स्वतःच्या पायानं गेली असती."

"पुढच्या खेपेला मलाही वर घे. नाहीतरी जागा आहे तुझ्या मानेवर."

हसायला दम लागतो, म्हणून कुणी फार हसलं नाही. वर रस्त्याच्या कडेला जुना दगडी कट्टा होता. पूर्वी तिथं दुधाचे कॅन ठेवायचे, डेअरीची गाडी यायची. आता डेअरी बंद पडली होती. जॅकनं पोतं कट्ट्याच्या पायथ्याशी, जमिनीवर टाकलं. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला पायाच्या पोटऱ्या लटलटायला लागल्या, पण ते नेहमीचंच.

पाचवं पोतं घेताना पाय तसेच ठेवून तो कमरेत वळला. बस्स. काहीतरी आतून सटकलं. आवाज नाही, काही नाही. फक्त डाव्या कुल्ल्यापासून टाचेपर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढली. पोतं बाजूला पडलं, तोंड सुटलं, बटाटे उतारावरून ओढ्याकडं गडगडत निघाले. जॅक चार पायांवर होता आणि त्याला उठता येत नव्हतं.

"मामा!"

"थांब. हात लावू नको. बटाटे धर आधी."

"खड्ड्यात गेले बटाटे!"

त्याला घरी न्यायला रेडिओनं कुणाची तरी फळी आणली. जीप उचलणारा माणूस फळीवर पालथा पडून चढण चढला. चौघांनी उचललेला. रेडिओ वाटभर एक शब्द बोलला नाही, आणि त्याचंच जॅकला सगळ्यात वाईट वाटलं.

मंगळवारी सून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना घेऊन आली. बुटक्या, जाड चष्म्याच्या बाई. त्यांनी पाय उचलून बघितले, अंगठा वर करायला लावला, टाचेला टाचणी टोचली.

"नस दबलीय. मोडलेलं काही नाही. काय उचलता?"

"पोतं."

"किती वर्षं?"

"चाळीस."

"मग पोतं तुम्ही नाही उचलत. पोत्यानं तुम्हाला धरलंय." बाईंनी गोळ्या पुडीत बांधल्या. "नुसतं पडून राहायचं नाही. उद्यापासून घरातल्या घरात चालायचं. आणि यापुढं उचलताना कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. ओझं लांब धरायचं नाही, कडेवरच्या लेकरासारखं अंगाशी. वळायचं असेल तर पाय उचलून वळा, कंबर पिळू नका. आणि मुळात एवढं भरताच कशाला? दोन खेपा केल्यानं कुणी मरतं का?"

"लोक काय म्हणतील, अर्धं पोतं घेऊन निघालाय?"

"कालच्यासारखं फळीवरून निघालात तर लोक काय म्हणाले?"

सून पदर तोंडावर धरून आत गेली. जॅकला कळलं, ती हसतेय. बरं वाटलं. आठ महिन्यांनी घरात कुणी हसलं होतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. सुनेनं तो स्पीकरवर लावून खाटेवर ठेवला. मागं हॉर्न वाजत होते.

"बाबा, ऐका माझं. या खेपेचा माल जेवढा निघेल तेवढा काढा, आणि रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाका. वाडीचे भाऊ घेतो म्हणतात."

"बघू."

"बघू नाही. आई गेली, तुमची कंबर गेली. आता हिची घालवायची का?"

ते रान मुळात दगडांचं होतं. लग्नानंतर सात वर्षं बायकोनं एकेक दगड वेचून काठाला नेला आणि त्याचा बांध रचला. घमेलं कधी पूर्ण भरायची नाही. अर्धं घमेलं, डोक्यावर चुंबळ, सावकाश चाल. तो म्हणायचा, "अगं, अशानं म्हातारी होशील." ती म्हणायची, "व्हायचंच आहे मला म्हातारी. तुम्हाला नसेल व्हायचं." रान सुटलं तर तो बांध दुसऱ्याचा. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

बुधवारी सकाळी तो काठी धरून दारापर्यंत आला. तिथून चढणीचं वरचं टोक दिसायचं. सून एकटीच पोतं घेऊन येत होती. पूर्ण भरलेलं. कट्ट्याशी तिनं ते टाकलं, सरळ उभी राहिली आणि दोन्ही मुठी कमरेच्या मागं दाबून मागं वाकली. डोळे मिटलेले. हुबेहूब तसंच. बायको रोज संध्याकाळी चुलीपाशी असंच करायची, आणि तो म्हणायचा, काय गं, नाच शिकतेस का?

त्यानं जोरात हाक मारली. सून पळत आली. तिला वाटलं, पडले.

"बस कर," जॅक म्हणाला. "राहू दे ते बटाटे. कुजू देत. रान देऊन टाकू. फोन लाव त्याला."

सून पायरीवर बसली. तिनं पदरानं मान पुसली. मग म्हणाली, "मामा, एक विचारू? रागावू नका. शिवलेली पोती कुठं ठेवलीत?"

"कसली शिवलेली?"

"आत्यांनी शिवलेली. वीस होती. मी माळ्यावर चढून आले, सापडली नाहीत. मला वाटलं तुम्ही ती मुद्दाम लपवलीत. म्हणून दोन दिवस विषय काढला नाही."

जॅक तिच्याकडं वळला. "तुला माहीत होतं?"

"मीच तर दाभणात सुतळी ओवून द्यायचे. त्यांना भोक दिसायचं नाही. कोपर पोत्यावर ठेवायच्या, बोटाच्या टोकाशी खूण करायच्या आणि तिथून शिवत जायच्या. दिवसाला एक पोतं. बोटं सुजायची, मी म्हणायचे राहू द्या आत्या." सून खाली बघत बोलत होती. "त्या म्हणायच्या, त्यांना तोंडानं सांगून चाळीस वर्षं झाली. आता पोतंच सांगेल. मावेल तेवढंच भरतील."

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. जॅक तिच्याकडं बघत राहिला. वीस पोती, एकाच उंचीवर. आंधळा हात एकदा चुकेल, दोनदा चुकेल. एकाच जागी वीसदा कसा चुकेल? आणि तो बायकोचं हसं होईल म्हणून टाके उसवत बसला होता. चांगलं करतोय असं समजून.

"मी उसवली," तो म्हणाला. "मला वाटलं... तिला दिसत नव्हतं ना."

त्यानं खिशात हात घातला आणि सुतळीचा गुंडा काढून तिच्यासमोर धरला. तिनं तो घेतला, सोडवून बघितला, आणि उठून आत गेली ती दाभण घेऊनच बाहेर आली.

शिवण कुठं घालायची हे मोजावं लागलं नाही. तागावर दाभणाची भोकं तशीच होती, रांगेत, मुंग्या चालल्यासारखी. भिंतीला पाठ टेकून, पाठीमागं उशी घेऊन जॅक टाके घालत होता. तीच भोकं, तीच सुतळी. सून ओवून देत होती, कारण त्यालाही भोक दिसत नव्हतं हे आता कळलं. पहिल्या पोत्याला तास लागला. पाचव्याला पाव तास. दुपारी रेडिओची बायको ताक घेऊन आली, बघत उभी राहिली आणि न सांगता खाली बसून तिनंही एक पोतं ओढलं.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली.

"जॅक डिकीत ठेवतोय," जॅक म्हणाला.

गुरुवारी तो काठी टेकत, तासभर लावून, रानात उतरला. उचलायचं नाही, हे कबूल करूनच सुनेनं त्याला येऊ दिलं होतं. त्याचं काम बांधावर. बायकोचा तो दगडी बांध कमरेइतका उंच होता. पोतं बांधावर उभं धरायचं, टोपल्यानं बटाटे आत ओतायचे, तोंड बांधायचं. न्यायला आलेल्या माणसानं बांधाला पाठ लावून उभं राहायचं, की पोतं नुसतं सरकून पाठीवर. जमिनीवरून उचलणं नाही, हिसडा नाही. वर दुधाच्या कट्ट्याशी तसंच, पाठ कट्ट्याला लावायची आणि ओझं मागं ठेवून द्यायचं, तिथंच ताडपत्रीवर ओतायचं आणि रिकामं पोतं पुढच्या खेपेला परत न्यायचं. इतकी वर्षं तो कट्टा तिथं होता आणि सगळे त्याच्या पायथ्याशी पोती टाकत होते.

अजून एक गंमत निघाली. खालचं मोकळं अर्धं पोतं शेपटासारखं लोंबायचं. सुनेनं वरचं तोंड एका हातानं खांद्यावरून धरलं आणि ते शेपूट दुसऱ्या हातानं मागून. पोतं पाठीला चिकटून बसलं, चढणीवर एकदाही हेलकावलं नाही.

"अंगाशी, लेकरासारखं," जॅक बांधावरून ओरडला.

"लेकरू असतं तर ओरडलं असतं तुमच्यावर!"

रेडिओ आपलं भरलं पोतं घेऊन धापा टाकत चालला होता. थांबून म्हणाला, "जॅक, हे अर्धं कसलं रे? पोराबाळांचा खेळ मांडलाय. चाळीस वर्षांची अब्रू घालवलीस."

जॅकला ते लागलं. तो नुसता पुढचं पोतं भरत राहिला. पण दुपारनंतर त्याच्या ध्यानात आलं की रेडिओ खेपेमागं दोनदा बसतो, आणि सून वर जाऊन, पाणी पिऊन, गाणं गुणगुणत परत येते. चारच्या सुमारास रेडिओची बायको आपल्या रानातून सरळ चालत जॅकच्या बांधाशी आली.

"दोन पोती मोकळी आहेत का?"

"आहेत की."

"मग द्या. आमचे हे नंतर बघतील, त्यांना अब्रू सांभाळू दे."

शुक्रवारी रेडिओही आला. बांधाला पाठ लावून उभा राहिला, समोर ओढ्याकडं बघत. "माझ्याकडं बघू नको," म्हणाला. "ठेव एक." दोन्ही घरांचा माल मिळून न्यायचं ठरलं. एक खेप याची, एक त्याची. संध्याकाळपर्यंत जॅकच्या ढिगात तळाचे बटाटे उरले.

त्या दिवशी मुलाचा फोन सुनेनंच घेतला. जॅक दारात उभा होता, त्याला तिचं बोलणं तेवढं ऐकू आलं. "नाही... नाही द्यायचं... अहो, तुम्ही तिकडं गिअर सांभाळा. रान आम्ही बघतो." मग थोडं थांबून, "कंबर माझी आहे ना? मग मी सांगते, बरी आहे."

शनिवारी आभाळ सकाळपासून खाली आलं होतं. शेवटची एक खेप उरली होती. जॅकनं आदल्या रात्रीपासून काठी घेतली नव्हती. तो बांधाला पाठ लावून उभा राहिला.

"मामा, नर्सबाईंनी..."

"अर्ध्यातलं अर्धं भर. बघू तर दे."

सुनेनं टोपलंभर बटाटे घातले, त्याहून एक जास्त नाही. जॅकनं शेपूट मागून धरलं. गुडघे थोडे वाकवून सरळ केले. तार ओढली गेली नाही. तो निघाला. चढणीवर त्याला पहिल्यांदाच आजूबाजूचं दिसलं. इतकी वर्षं त्यानं इथले फक्त दगड बघितले होते. करवंदीच्या जाळीशी थांबायला एक सपाट जागा होती. तिथं तो थांबला. बायको इथंच थांबायची. तो पुढं निघून जायचा आणि वर जाऊन वाट बघायचा.

ट्रक आला होता. मागचं फळकं पाडून ड्रायव्हरनं तो कट्ट्याला अगदी चिकटून लावला. कट्टा आणि ट्रकचा हौदा जवळजवळ एका उंचीचे. व्यापाऱ्याची मोठी पोती ट्रकातच उभी केलेली, आणि कट्ट्यावरच्या ढिगातून अर्धी पोती पुन्हा भरून, काट्यावर लावून, सरळ त्यांत ओतायची. हमाल म्हातारा होता. त्याची मान एका बाजूला कलली होती, ओझ्यानं कायमचीच. त्यानं पहिलं पोतं उचललं आणि हात एकदम वर गेला, जसा भरलेला समजून रिकामा हंडा उचलावा.

"आं?" त्यानं पोतं खाली-वर केलं. "हे काय आहे?"

"ओत की," रेडिओ म्हणाला. "तुला काय, जड नाही म्हणून तक्रार आहे?"

हमालानं ओतलं. दुसरं ओतलं. वीस झाली, चाळीस झाली. तो कुठं थांबला नाही, आणि मान वळवता येत नसल्यामुळं अख्खा माणूसच वळत होता, पाय उचलून, नर्सबाईंनी सांगितलं होतं तसा. सगळा माल ट्रकात गेला तेव्हा पावसाचे दोन थेंब कट्ट्यावर पडले, मोठे, धुळीत खड्डा करणारे.

रिकामी पोती हमालानं एकावर एक ठेवली. त्यातलं एक हातात घेऊन त्यानं अंगठा शिवणीवरून फिरवला, या काठापासून त्या काठापर्यंत.

"कुणी शिवली ही?"

"माझ्या बायकोनं," जॅक म्हणाला.

"हुशार बाई." हमालानं पोत्यांची चवड त्याच्या हातात दिली. "सगळीकडं अशी भरली असती तर माझी मान सरळ राहिली असती. सांग तिला."

सून जॅककडं बघायला लागली. पाऊस आता नीट सुरू झाला होता. जॅकनं पोती पोटाशी धरली, वर पैरण ओढून घेतली, भिजू नयेत म्हणून.

"सांगतो," तो म्हणाला.